चिमणीचा देव

नाशिक, ७ जुलै १९३५

प्रिय ताहेरा,

"जिथं एक फूल नाय, तिथं मला इतकं बरं का वाटतं गं अक्का?" असं चिमणीनं परवा विचारलं. पुण्याला राहून, तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेली मी, आमच्या अख्ख्या माळवाडीत पहिली. आणि माझी धाकटी बहीण, फुलांच्या पाट्यांत वाढलेली, भद्रकालीच्या बाजारात दिवसभर शेवंती विकणारी, तिला दगड, वाळू आणि पाणी पाहून बरं का वाटतं ते मला सांगता येत नाही. मी म्हटलं, "शांतता असते म्हणून." ती म्हणाली, "शांतता तर मळ्यातबी हाय. तिथं नाय वाटत."

तुला सांगता येईल कदाचित. बाग तुझी आहे. तुझ्या अब्बांनी कोबेच्या व्यापारातून परत येऊन मागच्या अंगणात ती जपानी बाग केली, तेव्हा सगळा बाजार हसला होता. सेठनं बाग केली आणि एक गुलाब लावला नाही, नदीतले धोंडे आणून पेरले! पण आपण दोघींनी मॅट्रिकचा अभ्यास तिथेच केला. भिंतीपलीकडे भाजीवाल्यांची ओरड, टांगेवाल्यांची भांडणं, तांबटांची ठोकठोक, आणि अलीकडे बांबूच्या नळीतून दगडी कुंडीत पडणारं पाणी. आता लग्न होऊन तू स्वतःच त्या कोबेत, नियाजभाईंच्या दुकानावरच्या खोलीत राहतेस, अब्बाही तुझ्याजवळ आहेत, आणि बागेच्या मागच्या दाराची चावी चिमणीच्या कमरेला असते.

तुझं पत्र आलं. पाकिटावर नेहमीसारखं 'चिमणाबाई कोंडाजी, मार्फत सखुबाई कोंडाजी, बी.ए.' मी मार्फत आहे. चिमणीला अक्षर येत नाही, म्हणून तू तिला लिहितेस ते मी वाचून दाखवते आणि ती सांगते ते मी तुला लिहिते. काल पाट्या उतरवून झाल्यावर तिच्या दुकानाशी बसून मी वाचलं: शेवाळ हिरवं झालं का, उभ्या दगडाच्या पायथ्याशी पाणी साचतं का, तू किती वेळ बसतेस, मला तुझी आठवण येते चिमणे. सगळं मोठ्यानं वाचलं. शेजारच्या कोथिंबीरवालीनंही ऐकलं. अगदी शेवटी, 'सखूला सलाम. शाळा कशी चालली आहे?'

शाळा चांगली चालली आहे.

चिमणीचा मजकूर असा: "शेवाळ हिरवं झालंय. पाणी साचतं, पण मी वाट करून दिली. कुंडीपाशी एक बेडूक आलाय. हाकलला तरी जात नाय, म्हणून ठेवून घेतलाय. तू जेवत जा."

मला हेवा वाटतो असं समजू नकोस. गेल्याच महिन्यात मी मुलींच्या सभेत हेव्यावर बोलले. हेवा हा गुलामांचा गुण आहे असं म्हणाले. टाळ्या पडल्या.

तुझी,
सखू


११ ऑगस्ट १९३५

प्रिय ताहेरा,

आधी चिमणीचं: "बांबूची नळी चिरली होती. पेठहून आलेल्या माणसाकडनं नवी घेतली. जुनीचा आवाज बारीक होता, नवीचा जाड हाय. दोन दिवसांत सवय झाली. बेडूक हाय."

आता माझं. आज रविवार, शाळा नाही, म्हणून मी बागेत गेले होते. चिमणीची पाहुणी म्हणून. मागच्या दाराशी तिनं मला थांबवलं.

"वहाणा हितंच काढ."

"मला माहीत आहे. मी तुझ्या आधीपासून येते इथं."

"मग काढ की."

मी निबंधाच्या वह्या तपासायला बरोबर नेल्या होत्या. विषय, 'माझे ध्येय.' चिमणी कुंडीजवळच्या सपाट दगडावर बसली. मी जरा वेळानं विचारलं, "आता काय करायचं?"

"काय नाय."

"म्हणजे?"

"बसायचं."

मला तसं बसता येत नाही. कुणीतरी बोलायला हवं म्हणून मी तिला सांगितलं, की जपानचं स्वस्त कापड येऊन आपल्या विणकरांच्या पोटावर पाय आला आहे, मी खादी नेसते ती उगीच नाही, आणि अशा वेळी जपानी बागेचं कौतुक आपल्याला शोभतं का याचाही विचार व्हायला हवा. तिनं नीट ऐकून घेतलं.

"धोंडे गोदावरीचेच हायत ना?" ती म्हणाली.

मग मी विचारलंच. किती दिवस विचारायचं होतं. "ताहेरानं चावी मला का दिली नाही? तुला काही बोलली?"

तिनं खरोखर विचार केला. "तुला दिली आस्ती तर तू हितं शाळा काढली आस्ती, अक्का."

ती हसली. मीही हसले. घरी येईपर्यंत मला त्याचा राग आला नव्हता.

एक लपवत नाही. वह्या मांडीवर तशाच ठेवून मी त्या उभ्या दगडाकडे पाहत होते. एकदा वाटलं, पाण्याचा आवाज थांबला. थांबला नव्हता, मीच ऐकायचं सोडलं होतं. ना शाळा, ना पुणं, ना तू. किती वेळ ते ठाऊक नाही. मग चिमणीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडावर असा आनंद आला, की जणू मी तिच्या घरी जेवायला गेले आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या. तिनं तसं पाहिलं आणि माझं ते सगळं गेलं. मला तिची पाहुणी होऊन शांत व्हायचं नाही, ताहेरा. मी तुझ्या शेजारी बसलेली मुलगी आहे त्या बागेतली. ती तेव्हा परकर नेसून फुलांच्या पुड्या पोहोचवायला येत असे.

तुझी,
सखू


२६ सप्टेंबर १९३५

प्रिय ताहेरा,

या वेळी चिमणीनं काही सांगितलं नाही, म्हणून वरची जागा कोरी आहे.

नवरात्रासाठी विंचूरहून नवसाबाई आत्या आली आहे. तू तिला पाहिलं आहेस, तात्यांची थोरली बहीण, तंबाखूची चंची कमरेला, आणि कुणाचंही दुःख दिसलं की त्यावर नवस बोलणारी. आल्या दिवसापासून तिनं एकच लावलं आहे. "देवरामकडं निरोप धाडला का? पोरगी किती दिस माहेरी ठेवायची?" चिमणीच्या नवऱ्यानं तिला सायखेड्याहून आणून घातली त्याला दुसरं वर्ष चाललं आहे. मूल नाही म्हणून. तो नेत नाही, आणि चिमणी जायचं नाव काढत नाही. आत्याला यातली पहिली गोष्ट कळते, दुसरी कळत नाही.

काल आई भाकरी थापत होती. तात्या, आत्या, आम्ही दोघी बहिणी जेवायला बसलो होतो. आत्या म्हणाली, "ही पोरगी रोज अंघोळ करून, निर्मळ लुगडं नेसून दुपारची कुठं गायब होती गं?"

मी म्हटलं, "देवाला जाते, आत्या. सलाउद्दीनसेठच्या मागच्या अंगणात तिचा देव आहे. बोलत नाही, काही मागत नाही, नुसता उभा असतो. म्हणून तर आमच्या चिमणीचं त्याच्याशी जमतं."

तात्या ठसका लागेपर्यंत हसले. तुला माहीत आहे, तात्यांनी घरातली लग्नंसुद्धा भटजींवाचून लावली, देवाची थट्टा त्यांना भाकरीबरोबरच्या ठेच्यासारखी लागते. आईही पदराआड हसली. आत्या मात्र हसली नाही. तिनं घास हातात धरून विचारलं, "तोंड कुन्या अंगाला हाय?"

"कुणाचं?"

"देवाचं."

"पूर्वेला," मी म्हटलं.

"मग जागृत आसंल."

आता तर तात्यांना पाणी द्यावं लागलं. चिमणी ताट सारून उठली. तिचा चेहरा उतरलेला पाहून मला बरं वाटलं असं लिहिलं, तर तू मला दुष्ट म्हणशील. म्हणून लिहीत नाही.

तू मला एखादं पत्र लिही. नुसतं मला.

सखू


९ ऑक्टोबर १९३५

प्रिय ताहेरा,

घाबरू नकोस, बाग जागेवर आहे. पण झालं ते तुला मीच कळवणं बरं.

दसऱ्याच्या आधीच्या दिवसांत फुलवालीला श्वास घ्यायला फुरसत नसते. चिमणी झेंडूच्या राशीमागे दिसत नव्हती. कमरेला चावी रुतते म्हणून तिनं ती पिशवीत घालून पाटीच्या काठाला अडकवली होती. आई डबा घेऊन गेली ती पिशवी घेऊन आली. आईनं चावी आत्याला दिली. आणि दोघी मिळून मागच्या दारानं बागेत गेल्या, तेल, शेंदूर, नारळ आणि खण घेऊन. चिमणीला नवऱ्यानं न्यावं म्हणून. वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

त्यांनी उभ्या दगडाला शेंदूर फासला, ताहेरा. वरपासून खालपर्यंत. आणि आत्यानं सराफाकडून चांदीचे डोळे आणले होते, ते लावले. मग आईनं चावी परत पिशवीत घातली, चिमणीला न कळता.

दुसऱ्या दिवशी चिमणी दार उघडून आत गेली आणि तशीच बाहेर आली. मी शाळेतून येत होते, मला वाटेत भेटली. म्हणाली, "अक्का, त्याला डोळे लावलेत." बस, एवढंच.

तोवर आत्यानं घाटावर चार बायकांना सांगितलं होतं. मंगळवारी मागच्या दारासमोर रांग होती. कुणी मूल आजारी म्हणून, कुणी सासू छळते म्हणून. दार वाजवत होत्या. पुढच्या दुकानातून तुझे चुलतभाऊ रियाजभाई धावत आले आणि आत पाहून मटकन ओट्यावर बसले. मग मला बोलावणं आलं.

"सखुताई, आता तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "पुसलं तर तुमचे लोक म्हणतील, मुसलमानानं देव पुसला. राहू दिलं तर आमचे म्हणतील, रियाजनं घरात बुत बसवला. मी जाऊ कुठं? सलाउद्दीनचाचांना काय तोंड दाखवू?"

त्यांच्या घरच्या हाजराभाभी दाराआडून म्हणाल्या, "पहले चावी तो वापस लो."

रियाजभाईंनी चिमणीवर ओरडून तिच्याकडून चावी घेतली. तिनं मुकाट्यानं दिली. मग ती माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "तुमच्याकडं ठेवा. तुम्ही शिकलेल्या. उद्या काही झालं तर समजावून सांगाल."

मी घेतली. कुणीतरी जबाबदार माणसानं घ्यायलाच हवी होती. चिमणीचा जीव आहे त्या जागेवर, मी नाही म्हणत नाही. पण एवढी चावी पाटीच्या काठाला अडकवून ठेवायला नको होती, हे तुलाही पटेल. नुसता जीव असून भागत नाही, सांभाळावं लागतं.

हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही.

तुझी,
सखू


११ नोव्हेंबर १९३५

प्रिय ताहेरा,

तुझं उत्तर अजून नाही. बोटीला वेळ लागतो, ठाऊक आहे.

चावी माझ्याकडे आहे. शाळा सुटली की मी बागेत जाते, एकटी. वहाणा बाहेर काढते. सपाट दगडावर बसते, तू बसायचीस तिथं. समोर तो शेंदरी, डोळे उघडे. हलून बसलं तरी ते आपल्याकडेच पाहतात. मी पाठ करून बसून पाहिलं, तेव्हा पाठीला जाणवायला लागले. शेवाळावर नारळाचं पाणी सांडून काळं पडलं आहे, वाळूत बायकांच्या पावलांचे खड्डे, उदबत्त्यांच्या काड्या. बेडूक नाही. बाहेर दार वाजतं. "बाई, उघडा, एकदा दर्शन घेऊ द्या, लांबून आलोय." मी आतून श्वास रोखून बसते, चोरासारखी. बाजार पूर्वीही होताच भिंतीपलीकडे. पूर्वी तो आत येत नव्हता.

मुलींना मी अंधश्रद्धेवर शिकवते. घाटावर जाऊन बायकांनाही सांगितलं, की तो नदीतला साधा धोंडा आहे. एक म्हातारी म्हणाली, "समदे देव आधी धोंडेच आसत्यात, बाई."

तुझ्या अब्बांची तार आली: वाद नको, मागचं दार चिणून टाका. रियाजभाईंनी गवंडी सांगितला आहे. आतून दुकानाच्या बाजूलाही भिंत घालणार. म्हणजे बाग राहील, पण कुणालाच नाही.

चिमणी आता बागेच्या भिंतीपाशी बाजाराला बसत नाही. पलीकडच्या कोपऱ्यावर पाट्या लावते. माझ्याशी बोलते, मीठ दे, दार लाव, एवढं बोलते. मी विचारलं, "ताहेराला काही लिहायचं?" तर म्हणाली, "नको. काय लिहू? हिरवं झालं का म्हणून इचारंल."

आत्याला देवाचं तोंड पूर्वेला आहे हे कुणी सांगितलं, ते चिमणीला माहीत आहे. ती तिथेच जेवत होती. रियाजभाई तिच्यावर ओरडले तेव्हा ती सांगू शकली असती. सांगितलं नाही. मी तिच्या जागी असते तर सांगितलं असतं, आणि हे मला फार खुपतं. ती माझ्यापेक्षा चांगली आहे म्हणून तू तिला चावी दिलीस का? तसं असेल तर लिहू नकोस.

काल कोपऱ्यावर उभी होते. दोन बायका चिमणीकडून हार घेत होत्या, त्या दगडासाठीच. दाराबाहेर अडकवून जातात. चिमणी हार ओवून देत होती, मान खाली घालून. तिच्यादेखत एकजण दुसरीला म्हणाली, "ह्यो देव हिचाच बरं का. हिनंच हुडकला. पर बघ, समद्यांना पावला, हिलाच नाय पावला. नवरा काय नेईना."

चिमणीनं दोरा तोडला आणि म्हणाली, "दोन पैसे."



सखू


१५ डिसेंबर १९३५

प्रिय ताहेरा,

तुझं पत्र काल आलं. त्यातलं एकच वाक्य घेते: 'तुझं थट्टेचं पत्र आणि तुझं तक्रारीचं पत्र मला एकाच बोटीनं एकाच दिवशी मिळाली, मी दोन्ही शेजारी ठेवून वाचली.' पुढे काही लिहिण्याची तुला गरज नव्हती आणि तू लिहिलंही नाहीस. पण तुझं पत्र येण्याआधीच मी जे करायचं ते करून बसले होते. म्हणून ते वाचताना मान खाली गेली, तरी रडू आलं नाही.

झालं ते सांगते.

आत्या पुन्हा आली होती, देवाचा मंगळवार करायला. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आत्या, तिथं देव नव्हता. मी थट्टा केली. चिमणीला टोचावं म्हणून केली."

आत्यानं चंची बाजूला ठेवली. "कशापाई?"

"तिला चावी मिळाली आणि मला नाही म्हणून."

तात्या खाटेवर होते, या वेळी हसले नाहीत. आत्यानं चंची पुन्हा उचलली. मग म्हणाली, "तू म्हणतीस नव्हता. नसंल. पर मी बसवला, म्हंजे आता हाय. बाया लांबून येत्यात त्या काय येड्या?"

"मग काय करायचं? रियाजभाई भिंत घालणार आहेत. चिमणीची जागा जाईल."

"गणपती बसवतो तसा उठवतोबी. मान देऊन उठवला तर कुन्या देवाचा राग नसतो. पर मी नाय उठवायची. ज्याच्या तोंडून आला, त्यानंच निरोप द्यायचा."

मी म्हटलं, मी असली कर्मकांडं मानत नाही. आत्या म्हणाली, "मग आणताना कशी मानलीस?"

तात्यांकडे पाहिलं, की ते तरी माझी बाजू घेतील. ते म्हणाले, "घाण कुणी केली ते बघू नये म्हणतात. पर ज्यानं केली त्यानं झाडावी, ह्यात कर्मकांड काय हाय?"

गेल्या महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी, भर दुपारी, बाजार भरलेला असताना मी मागचं दार सताड उघडलं. आत्यानं आधीच घाटावर सांगितलं होतं, देव आज जाणार. पुष्कळ बायका आल्या. रियाजभाई दुकानाच्या दारात, हाजराभाभी त्यांच्या मागे. चिमणी पाट्या सोडून आली नव्हती, आईनं जाऊन तिला हाताला धरून आणली.

मी नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं, दहीभात दाखवला. मी! मग आत्या म्हणाली, "बोल." मी हळू बोलू लागले तर ती म्हणाली, "समद्यांना ऐकू येऊ दे. बोलावलास तेव्हा मोठ्यानं बोलली व्हतीस."

म्हणून मी मोठ्यानं म्हटलं, "देवा, मी तुझं नाव थट्टेनं घेतलं. बहिणीच्या हेव्यानं घेतलं. ही जागा तिची बसायची होती, तिथं तुला उभं केलं. आमची चूक झाली. आता तू ही जागा सोड."

शाळेतल्या दोन मुलींच्या आया होत्या तिथं. हेव्यावरचं भाषण ऐकलेल्या.

आत्यानं माझ्या हातून अक्षता टाकवल्या आणि म्हणाली, "आता जागचा हलवा." उत्तरपूजेला मूर्ती हलवतात तशी. पण तो दगड तुझ्या अब्बांनी हातभर पुरला आहे, मी ढकलला तर माझाच पाय घसरला. बायका पुढे झाल्या. तरी हलेना. तेव्हा रियाजभाई म्हणाले, "ठहरो, पहार आणतो." ते पहार घेऊन आले, पण दगडाला हात लावायला कचरले आणि आत्याकडे पाहू लागले. आत्या म्हणाली, "लाव रं बाबा. आता निघालाय त्यो." त्यांनी पहार घातली, आम्ही सगळ्यांनी रेटलं, आणि दगड जरासा हलला. अब्बांना सांग, तो आता किंचित कुंडीकडे झुकला आहे. सरळ करायला मी कुणाला सांगितलेलं नाही.

"झाला धोंडा," आत्या म्हणाली. "खरवडा आता."

आई राख आणि तेल घेऊन आली. मी खुरपं घेतलं. थोड्या वेळानं बघते तर दगडाच्या पलीकडून दुसरं खुरपं चाललेलं. चिमणी. ती माझ्याकडे पाहत नव्हती. आम्ही दोघी खरवडत राहिलो. निघालेला शेंदूर आणि ते डोळे पाटीत घालून मी व्हिक्टोरिया पुलाखालून नदीत सोडले. परतताना आत्या म्हणाली, "मला देव बसवायला आर्धा तास लागला. उठवायला बी.ए. लागली." सगळ्या बायका खदखदून हसल्या. मीही हसले, आणि या वेळी घरी पोहोचल्यावरही राग आला नाही.

शेंदूर सगळा निघालेला नाही. एका खाचेत केशरी रेघ राहिली आहे.

एकदोन बायका पुढच्या मंगळवारी आल्या. दार उघडं होतं. आत डोकावल्या, दगड पाहिला आणि "गेला वाटतं" म्हणून परत गेल्या. रियाजभाईंनी गवंड्याला नको म्हणून सांगितलं आणि तुझ्या अब्बांना सविस्तर लिहिलं आहे.

चावी मी त्याच संध्याकाळी चिमणीला दिली. रियाजभाईंच्या समोर दिली आणि पिशवीचा दोष तिचा नव्हता, असंही त्यांना सांगितलं. तिनं चावी घेतली. माझ्या हातांकडे पाहून म्हणाली, "तेलानं धू, साबणानं जायाचं नाय." मग ती आत गेली आणि दार लोटलं. मला ये म्हणाली नाही. मीही थांबले नाही.

म्हणजे थांबले, पण बाहेर. तिच्या पाट्या उघड्या होत्या, कुणीतरी बसायला हवं होतं. तेव्हापासून तिच्या पाट्या पुन्हा बागेच्या भिंतीपाशी लागतात आणि रविवारी दुपारी मी बसते. पहिल्या दिवशी एकानं शेवंतीचा भाव विचारला आणि मला सांगता येईना. कोथिंबीरवाली ओरडली, "अगं मास्तरीण, भाव सांग की, पाढे काय म्हणतीस?" मुख्याध्यापिकाबाईंनी पाहिलं, त्यांना ते आवडलेलं नाही. टांगे, बैल, भांडणं, धूळ. आणि मागे भिंत. भिंतीपलीकडे माझी बहीण गप्प बसली आहे, एवढं मला ठाऊक असतं. गेल्या रविवारी त्या गोंगाटात माझं मन असं निवलं, की एका बाईनं दोनदा हाक मारली ती मला ऐकू आली नाही.

हेवा गेला असं लिहिणार नाही. काल तुझ्या पत्राबरोबर चिमणीच्या नावाचं दुसरं पाकीट आलं. माझ्या पाकिटापेक्षा पुष्कळ जाड. मी ते हातात धरून पाहिलं, उजेडाकडेही धरलं. मला माहीत आहे, त्यात माझ्याबद्दल असणार. नसलं तर त्याचंही वाईट वाटेल. आजवर तुझा तिच्यासाठीचा प्रत्येक शब्द आधी माझ्या डोळ्यांतून गेला, आणि तिनं सांगितलेला प्रत्येक शब्द माझ्या हातून. मला वाटायचं, मी तिच्यावर उपकार करते आहे.

हाजराभाभी मराठी चौथीपर्यंत शिकल्या आहेत. अडखळत वाचतात, पण वाचतात, आणि अक्षर माझ्याहून सुवाच्य आहे. मी चिमणीला विचारलं, यापुढे त्यांनी वाचलं तर चालेल का? ती म्हणाली, "चालंल."

आज सकाळी रियाजभाईंच्या दारात जाऊन मी ते पाकीट न फोडता हाजराभाभींच्या हातात दिलं. आतून चिमणीचा आवाज आला, "काय लिहिलंय?" भाभींनी पाकीट फाडायला घेतलं, तशी मी पायऱ्या उतरून निघून आले.

तुझी,
सखू